टेलिप्रिंटरची तक्रार

खालापूरच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत, तारखात्यातून निवृत्त झालेले. गिऱ्हाइकांशी ते फार अदबीनं बोलतात आणि यंत्रांचा मात्र बाप काढतात. आमच्या हॉटेलमालकांनी शोभेसाठी जुना टेलिप्रिंटर आणला, तेव्हा मी काकांनाच बोलावलं.

"दोन दिवसांत चालला नाही, तर भंगारात देतो," मालक म्हणाले.

A दाबला की E उमटत होता. काकांनी झाकण काढून कान लावला.

"आत अक्षर जुळवणाऱ्या पाच पट्ट्या हायेत. दुसरी हलत नाय, तेल गोठलंय. ऊठ रं, ऐतखाऊ!"

रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन ते त्याच्या पोटात शिरले. दुसऱ्या दुपारी मोटर घरघरली आणि A चा A उमटला. माझाच जीव भांड्यात पडला.

"आता 'वेलकम' छापा!" मालक खूश होऊन म्हणाले.

काकांनी खडखड काहीतरी छापलं. मी कागद फाडून वाचला. मजकूर इंग्रजीत होता: दोन दिवस झाले, चहा मिळालेला नाही.

मालक ओशाळले आणि स्वतः चहा घेऊन आले. काकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हात पुन्हा बटणांकडे नेला.

"थांबा, थांबा," मालक म्हणाले, "साखर आणतो."