हिरवळीच्या कडेला काढलेले बूट
माळ्यावरचे जुने बूट झटकले, तर त्यातून चिमूटभर पांढरी वाळू पडली. परदेशात नोकरीला असताना समुद्रकाठच्या एका फार जुन्या, मोठमोठ्या स्पर्धा पाहिलेल्या गोल्फ मैदानावर मी साहेबांबरोबर एकदाच खेळलो. कळंबहून आलेले आबा, माझे वडील, बघायला सोबत होते. खारा वारा कानात घोंघावत होता. शेवटच्या भोकापर्यंत आम्ही बरोबरीत आलो. साहेबांचा फटका हुकला. माझा चेंडू हातभर लांब होता, तेवढा आत गेला की मी जिंकणार होतो. तेवढ्यात आबा बूट कडेला काढून नुसत्या मोज्यांवर त्या गुळगुळीत हिरवळीवर आले. “आबा, बूट घाला, हितं चालत्यात.” “सारवल्यागत राखलंय की. खळ्यात कोण पायताण घालून येतं व्हय?” ज्वारी मळायच्या जागेत आम्ही अनवाणीच जातो, हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग मलाही माझे बूट जड वाटू लागले, मी हळूच फटका मारला आणि चेंडू भोकाच्या काठावर थांबला. “जाऊ दे,” आबा म्हणाले, “पर जागा लई चांगली हाय, सगळ्या गावाची ज्वारी मळून निघंल.” आमचं खळं आता राहिलं नाही, ज्वारी मशिनवर निघते. सांडलेली वाळू झाडायला वाकलो, तर पायातल्या चपला मी केव्हाच काढून ठेवल्या होत्या.