सातव्या कपाटाची काच

बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आत्या संग्रहालयातल्या तिसऱ्या कपाटाची काच पुसत होती. ओलं फडकं वरून खाली, कोरडं फडकं आडवं, शेवटी कोपऱ्यातून बोटाचा एक फेर. एकोणीस कपाटं, दीड तास. साडेनऊला हेडक्लार्क पाहणी करतो, दहाला दार उघडतं. बावीस वर्षं हाच क्रम.

तिकीट खिडकीवर तिचा भाचा बसतो. त्याने पहिल्याच दिवशी चारचौघांत हाक मारली आणि ती सगळ्यांची आत्या झाली, संचालकांचीसुद्धा.

सातव्या कपाटात एक हातभर लांबीचं लाकडी कुलूप आहे. पाटीवर एवढंच लिहिलंय: ‘लाकडी कुलूप. देणगी.’ दिवसभर आत्या त्याच दालनात स्टुलावर बसून असते. सहलीची पोरं तिला विचारतात, हे उघडतं कसं? मग ती एका हाताची तीन बोटं खाली सोडते, आतल्या खुंट्यांसारखी, आणि दुसऱ्या हाताची किल्ली करून ती बोटं खालून उचलून दाखवते. खुंट्या उठल्या की अडसर सरकतो. स्वच्छतागृह कुठे आहे, हे सोडलं तर बावीस वर्षांत लोकांनी तिला काही विचारलं ते याच काचेपुढे.

हे कपाट आता भांडारात जाणार होतं, त्या जागी टच स्क्रीन. नव्या शिक्षण अधिकारी मॅडमकडे प्रेक्षकांनी भरलेले तीनशे चाळीस फॉर्म होते. सर्वांत काय आवडलं? तलवारी, दोनशे एकवीस. कुलूप, चार.

मंगळवारी आत्याने मॅडमना गाठलं. फॉर्म बाहेर पडायच्या दाराशी भरतात, तलवारी त्याच्या अलीकडेच आहेत, आणि पोरांच्या हाती फॉर्म देतं कोण, असं तिचं म्हणणं. पोरं तर सातपाशी नाकं टेकवून उभी असतात.

“तुमचं खरंही असेल, आत्या,” मॅडम म्हणाल्या. “पण मला वर दाखवायला काहीतरी लागेल. उद्या अकराला कपाट हलवायला माणसं येतायत.”

घरी मुलीने विचारलं, काहीच पुरावा नाही का तुझ्याकडे?

“आहे की. रोज सकाळी पुसून टाकते.”

“चोरांनी नोकरीवर ठेवायला हवं तुला,” मुलगी म्हणाली.

त्यामुळे बुधवारी आत्या ठरवूनच आली होती. सहावं कपाट झालं, ती थेट आठव्याकडे गेली. साडेनऊला हेडक्लार्कने विचारलं, सात नंबर आता दुसऱ्या कुणाच्या वाटणीला गेलाय का? मॅडम येईपर्यंत राहू द्या, एवढंच ती म्हणाली. त्याने वहीत लिहिलं, ‘काच अस्वच्छ.’ तिच्या नावापुढचा हा पहिलाच शेरा.

मॅडम आल्या, मोबाइलचा उजेड तिरका धरून काचेपुढे वाकल्या. कमरेच्या उंचीवर नाकांचे गोल डाग, अडसर सरकतो त्याच दिशेने ओढलेली बोटं. त्यांनी डाग मोजले. चौतीस. मग त्या तलवारींकडे गेल्या. तिथली काच लख्ख होती.

“ही?”

“पुसली. नऊला.”

मॅडमनी मोबाइलचा उजेड बंद केला. “मग चौतीस म्हणजे जास्त की कमी, हे ठरवायचं कशावरून, आत्या?”

एक काच राखायची एवढंच आत्याच्या डोक्यात होतं. बाकी अठरा तिने नेहमीपेक्षा जोर लावून पुसल्या होत्या.

मॅडमनी फोन करून अकराची माणसं शुक्रवारवर ढकलली. आज सातसुद्धा पुसा, उद्या मात्र मी मोजेपर्यंत एकही पुसू नका, म्हणजे सगळीकडे एकाच दिवसाचे डाग राहतील, असं त्यांनी सांगितलं. आत्याने दहाच्या आत ती काच पुसली. तेवढ्यात खिडकीतून भाचा म्हणाला, “आत्या, न पुसण्याचा पगार मिळायला लागला तर माझंही नाव सांग.”

उद्या, गुरुवारी, आठपासून मॅडम एकोणीस काचांवरचे डाग मोजतील. आत्या साडेनऊला बादली भरेल. संग्रहालय अकराला उघडेल. तशी पाटी भाच्याने तिकीट खिडकीवर लावली आहे.