आर्डन टॉलफसनचं सोवळं

प्रिय आर्डन,

परवा कोर्टाच्या इमारतीत तुझा सत्कार झाला आणि मी आले नाही. गुडघा धरलाय असं तुझ्या बहिणीला सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. काउंटीच्या नीतिमंडळावर निष्कलंक सेवा, असं त्या लाकडी पाटीवर कोरलंय म्हणे. पाटी हातात घेण्याआधी तू तिची किंमत विचारलीस, ती नियमात बसते अशी खात्री झाल्यावरच हात पुढे केलास, हेही कानावर आलं. लोकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. मी असते तर उठून बाहेर गेले असते. तुला ते कळलंही नसतं, कारण तू पाटीची मागची बाजू तपासत असतास.

हे पत्र टपालात टाकणार नाही. न मागितलेलं पाकीट स्वीकारावं की नाही यावर तू पंधरवडा काढशील. त्यापेक्षा तुझी गोष्ट बाकीच्यांनाच सांगते.

आर्डन टॉलफसन उभा जन्म सरकारतर्फे वजनमापं तपासत आला. पेट्रोल पंपावर जायचं, मापात पेट्रोल भरून बघायचं, बरोबर असेल तर पंपावर शिक्का चिकटवायचा. किराणा दुकानातला तराजू, खाटकाचा तराजू, धान्यकोठारातला ट्रक तोलायचा काटा, सगळे त्याच्या हाताखालून जायचे. पंपवाले कॉफी पुढे करायचे; हा गाडीत जाऊन स्वतःच्या थर्मॉसमधली प्यायचा. एका बाईनं नाताळात घरची बिस्किटं दिली तर डबा न उघडता तिच्या दारात परत ठेवून आला. त्याची बायको मर्ना, आता ती नाही, म्हणायची, "याला स्वर्गात बोलावलं ना, तरी दारात उभा राहून विचारेल, आत यायचे किती."

न्यायानं बोलायचं तर या माणसाला एके काळी कणा होता. ऐन सुगीत धान्यकोठाराचा काटा खोटा निघाला म्हणून त्यानं तो सील केला होता. बाहेर मक्याच्या ट्रकांची रांग, मालक शिव्या देत अंगावर आलेला, आणि आर्डन शांतपणे तारेला मोहर लावतोय. त्या दिवसापासून गाव त्याला धुतल्या तांदळासारखा म्हणू लागलं, आणि तिथंच तो बिघडला. शेतकऱ्यांचं धान्य वाचलं हे तो विसरला. आपण धुतलेले आहोत एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

निवृत्त झाल्यावर त्याला काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, सरकारी माणसांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या नीतिमंडळावर घेतलं. मंडळात पाच जण: दोन या पक्षाचे, दोन त्या पक्षाचे आणि पाचवा कुठल्याच पक्षाचा नाही असा. मतं सारखी पडली की तक्रार फेटाळली गेली, असा तिथला नियम. म्हणजे पाचव्याचं मत तेच खरं मत, बाकी चौघं खुर्च्या उबवायला. पाचवा आर्डन. बरीच वर्षं काही जड आलं नाही. कुणाची प्रचाराची पाटी रस्त्याला फार चिकटून, कुणाच्या पत्रकावर खर्च करणाऱ्याचं नाव नाही. आर्डन घरून सँडविच न्यायचा, मंडळाच्या पेल्यातलं पाणीसुद्धा प्यायचा नाही.

मग एका जानेवारीत त्याची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली. आसपास वस्ती नाही, फोन गारठून बंद पडलेला. काउंटीच्या तुरुंगात स्वयंपाक करणारी डोरीन माकी तिच्या पिकअपमधून घरी चालली होती. तिनं साखळी लावून गाडी ओढली, ती चालू होईना, तेव्हा त्याला घरी आणून सोडलं.

"हे दोन डॉलर घे. पेट्रोलचे."

"ठेवा खिशात, मिस्टर टॉलफसन. मी चरात पडले की तुम्ही काढा."

"तू घेतलेस तर मला बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही काढलं. गोठून मेला असतात म्हणून काढलं."

तिनं हसत काच वर केली. आर्डननं ते दोन डॉलर घडी घालून पाकिटात ठेवले. जीव वाचल्याचं त्याला काही विशेष वाटलं नाही. नोटा घरात परत आल्या, ते मात्र दिवसभर टोचत राहिलं.

त्याच वर्षी काउंटीच्या पोलिसांचा आणि तुरुंगाचा प्रमुख, शेरीफ किप ब्रँडवोल्ड, पुन्हा निवडणुकीला उभा होता. शरदात दर शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याच्या निवडणूक निधीसाठी माशांचं जेवण. तिकीट काढा, तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड, आणि किप टेबलाटेबलावर फिरून पाठी थोपटतोय. यात कायद्यानं काही गैर नाही. पण मासे तळले जायचे तुरुंगाच्या स्वयंपाकघरात, काउंटीच्या तेलात, काउंटीच्या पगारावर, आणि तळणारी डोरीन. ती आणि किप एका शाळेतले.

"किप, कैद्यांचे बटाटे आणि तुझ्या मतदारांचे मासे एकाच कढईत?"

"कढई धुतेस ना?"

"मी धुते. तुझं काय?"

"तुझी जीभ अशी आहे म्हणून नवरा पळाला, डोरीन. शुक्रवारी मासे वेळेवर पाठव."

तिसऱ्या शुक्रवारी तिनं मासे पाठवले आणि सोमवारी नीतिमंडळाकडे तक्रार केली. तिनं आधी नीट विचारून घेतलं होतं. तक्रार खरी ठरली तर दोन वर्षं तिच्या नोकरीला कुणी हात लावू शकत नाही. फेटाळली गेली तर डोरीन किपच्या तोंडी. तिच्या घराचे हप्ते चालू होते, आणि त्या गावात दुसरा तुरुंग नव्हता.

सुनावणी वाचनालयाच्या खोलीत झाली. किपनं नाकारलंसुद्धा नाही. "मोठी कढई तिथंच आहे. गावासाठीच तर करतो," म्हणाला. किपच्या पक्षाचे दोघे तक्रार फेटाळायच्या बाजूला, समोरचे दोघे मान्य करायच्या. सगळ्यांनी पाचव्या खुर्चीकडे पाहिलं. डोरीनच्या खांद्यांवरचा ताण पहिल्यांदा सैल झालेला दिसला. आर्डन आहे म्हटल्यावर काळजी नाही, असं तिला वाटलं असणार. बिचारी.

आर्डन उभा राहिला. आतून त्याला इस्त्रीचा सदरा घातल्यासारखं वाटत होतं.

"मी या प्रकरणातून बाजूला होतो. तक्रारदाराकडून मी एक भेट स्वीकारली आहे."

खोलीत कुणाला काही कळेना. काउंटीचे वकील म्हणाले, "कसली भेट?"

त्यानं चर, साखळी, पिकअप, दोन डॉलर सगळं सांगितलं.

"आर्डन, याला भेट म्हणत नाहीत. शेजारधर्म म्हणतात. तुम्ही बसा आणि मत द्या."

"शेजारधर्माला सूट आहे असं नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा."

"लिहावं लागतं का ते?"

"मी मोबदला देऊ केला होता. तिनं घेतला नाही." डोरीनकडे न बघता तो म्हणाला, "घेतला असता तर आज मी मत देऊ शकलो असतो."

डोरीन शेवटच्या रांगेतून म्हणाली, "मग आत्ता देता का? मी घेते."

दोघेतिघे हसले. आर्डन हसला नाही. प्रकरण सुरू झाल्यावर दिलेले पैसे म्हणजे आणखी वाईट, असं त्यानं गंभीरपणे समजावलं.

वकिलांनी मग मंडळावरच्या, किपच्या पक्षाच्या गॉर्डी लुंडला विचारलं, तुम्ही ते मासे खाल्लेत का. गॉर्डी म्हणाला, "दर शुक्रवारी. पण फुकट नाही हं, तिकीट काढून. तो निधी आहे, उघड आहे, नोंदवलेला आहे." आणि ते नियमाला धरूनच होतं. शेरीफच्या निवडणुकीला पैसे देऊन, चोरलेल्या तेलातले मासे पोटभर खाऊन गॉर्डी न्यायाला बसायला पात्र. थंडीत जीव वाचलेला आर्डन अपात्र. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं संन्यासी स्वतः मंडळावर होता आणि सुळावर दुसऱ्याच कुणाला चढवून आपली वस्त्रं झटकत होता.

दोनाला दोन. तक्रार फेटाळली.

किप निवडून आला. नाताळाआधी तुरुंगाचं जेवण बाहेरून आणायचं ठरलं आणि स्वयंपाकिणीची जागाच रद्द झाली. कुणावर सूड नाही, कुणाला काढलं नाही, फक्त जागा उरली नाही. गावच्या वर्तमानपत्रानं आर्डनवर अग्रलेख लिहिला, असा माणूस प्रत्येक काउंटीत हवा म्हणून. त्याला वाटलं, लोकांना शेवटी कळतं.

पण आर्डन, सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात आला होतास. डोरीननं गैरसमज करून घेऊ नये, तिला समोरासमोर सांगायला हवं, म्हणालास. शनिवारी दहाला जाऊ. एकट्यानं जाणं बरं दिसणार नाही, तू साक्षीदार म्हणून चल. मी म्हटलं, साक्षीदार कशाला, तूच माणूस म्हणून चल. तरी हो म्हणाले. शुक्रवारी तुझा फोन आला, अपिलाची मुदत चालू आहे, एका पक्षकाराला भेटणं योग्य नाही. मुदत संपली. मग जेवणाच्या कंत्राटावर तक्रार येऊ शकते म्हणून थांबलास. ती कुणी केली नाही. तोवर तिनं घर विकलं आणि डुलुथला बहिणीकडे गेली.

मी दोनदा जाऊन आले. ती तिथं एका शाळेत जेवण करते, कमी पगारावर. तुझ्याबद्दल ती विचारत नाही, मी सांगत नाही. पत्ता माझ्याकडे आहे, रस्ता अडीच तासांचा, उन्हाळ्यात त्यावर बर्फ नसतो. तो पत्ता तू अजून मागितलेला नाहीस.