नावजी बाहेर आहे

दुपारचं जेवण जरा जडच झालंय. पंखा फिरतोय, पेपर छातीवर पडलाय, आणि मी झोपलेलो नाही, नुसते डोळे मिटलेत, असं मी स्वतःला बजावतोय. तहान लागते म्हणून उठतो. स्वयंपाकघर चार पावलांवर आहे, पण पावलं संपत नाहीत. फरशी खडबडीत होते, भिंती दगडी होतात, आणि ओट्याच्या जागी कोळंबगडाचा दिंडी दरवाजा असतो, माणूस वाकून जाईल एवढाच. बाहेर रणरणतं ऊन. खालून बंदुकांचे आवाज येतायत.

दाराशी सोनजी बसलाय. माझा खापरपणजोबा. त्याचं चित्रसुद्धा कुठे नाही, पण नाक आमच्याच घरातलं. मी पंचावन्नचा, तो जेमतेम तिशीचा.

आजची चकमक मला तोंडपाठ आहे. साल अठराशे अठरा, चैत्र महिना. इंग्रज एकेक गड घेत चाललेत. सोनजीचा धाकटा भाऊ नावजी बारा माणसं घेऊन तोफेचे बैल हुसकायला खाली उतरला. सोनजीने दार लोटलं, पण अडसर टाकला नाही. त्याच दारातून पलटण आत शिरली, पहाऱ्यावरची नऊ माणसं कापली गेली आणि गड गेला. तेव्हापासून गावात आम्ही 'अडसरकाढे'. त्या नावापायी मी शाळेत एकाचे दात पाडलेत. या माणसाचा मला जन्मभर राग आहे, आणि आज तो समोर सापडलाय.

"अडसर का नाही टाकलात, आजोबा?" मी विचारतो. नमस्कारबिमस्कार काही नाही.

"नावजी बाहीर हाय."

"तो गेला. खालच्या वळणावरच पडला."

"आसंल. जाताना म्हनला, दादा, येतो."

"सगळेच म्हणतात. निघताना 'जातो' कोण म्हणतं?"

"मंग म्या काय समजायचं हुतं?"

मी आणखीच चिडतो. मागे ते नऊ जण बसलेत. एक भाकरी मोडतोय, दुसरा त्याच्याकडे कांदा मागतोय. आणि बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजू लागतात.

अडसर भिंतीला टेकवलेला आहे. मी तो उचलतो. जुना सागवान, हात भरून येतात.

"मी टाकतो," मी म्हणतो.

"टाक," सोनजी म्हणतो. "तुझं खरं हाय. माझा हात हुईना."

एक टोक खोबणीत बसतं. दुसरं बोटभर बाहेर राहतं. पावलं वर येतायत. भाकरीवाला माझ्याकडे बघून तुकडा पुढे करतो, खातोस का म्हणून.

तेवढ्यात बाहेरून हाक येते. "दादा. आलो."

दमलेला, कोवळा आवाज.

पलटणीत आपल्याच मुलखातले शिपाई होते, 'दादा' कुणीही म्हणू शकतं, हे मला माहीत आहे. नावजी मेलाय, हे माहीत आहे. आत नऊ माणसं आहेत, त्यांचं पुढे काय होतं तेही माहीत आहे.

"आता तू सांग," सोनजी म्हणतो. "कोन हाय?"

माझे हात अडसर मागे ओढतात.

"अहो, किती घामाघूम झालायत," शैलजा म्हणते. मी पलंगावर आहे. उजव्या तळव्यात आग होतेय. तिथे लाकडाची जाड काडी रुतलीय, जुनी, काळी पडलेली. ती सुई आणते.

"आपल्या घरात सगळं प्लायवूड," ती म्हणते. "हे कुठून आणलंत?" काडी निघते, मागून रक्त येतं. "फार दुखतंय का? डोळ्यांत पाणी आलंय."

मी मान हलवतो. मला रडू फुटलंय, आणि ते हातामुळे नाही.

"वाऱ्याने बाहेरचं दार उघडलं वाटतं," ती उठते. "मांजर शिरेल. लावून येते."

"राहू दे," मी म्हणतो. "थोडा वेळ राहू दे उघडं."