दोघींचं जातं

मैत्रिणींनो, "खुंट्याला दोघींचे हात असले की दळण हलकं होतं," असं थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, मी नवी नवरी असताना म्हणाल्या होत्या. पुढे चुली वेगळ्या झाल्या, तरी दळण एकत्र राहिलं.

दिवाळीपासून त्यांचा खांदा दुखतो, म्हणून मी एकटीच दळते. आज त्या जुन्या, गुळगुळीत झालेल्या जात्याला पाथरवटाकडून पुन्हा टाकी लावून घेतली, तर जाऊबाई हसल्या.

"काहून दगड ठोकून राहिलीस? मी तर कवाच बाळापूरच्या गिरणीतून दळून आणते."

"आन् खांदा?"

"त्याला काय धाड भरली? तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

जातं झिजलंय हे मलाही दिसत होतं. त्या समोर बसाव्यात म्हणूनच नीट करून घेत होते. उद्या ते काढून टाकते.

नाही म्हणतील हे ठाऊक असूनही विचारते: अक्का, त्याआधी एकदा माझ्यासमोर दळायला बसाल का?