आधी कान साफ करा

कुत्रा पाळणं हे प्रेमाचं काम आहे असं म्हणणाऱ्याने कधी गोचीड काढलेली नसते. मी वर्षानुवर्षं काढल्या. मला कुत्र्यांची किळस आहे, ती काढता काढता कमी झाली नाही, वाढलीच.

हौस नवऱ्याची. कुरखेड्याच्या एका लग्नाहून परतताना यांनी पिल्लू उचलून आणलं. बसमध्ये ते यांच्या मांडीवर झोपलं आणि ओकलं माझ्या साडीवर. पुढची सगळी वाटणी तिथेच ठरली.

चंद्रपूरच्या घरी आल्यावर त्याच्या पोटातून जंत पडले. शेवयांसारखे, पांढरे, वळवळणारे. त्यानंतर मी शेवयांच्या खिरीला तोंड लावलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि रोज शी बघायला सांगितली.

"मले शिसारी येते, तूच पाह्यत जाय," नवरा म्हणाला. मला जणू अत्तराचा वास येणार होता!

मी काडी घेऊन पाहत गेले. दरवर्षी रेबीजची सुई द्यायलाही मीच न्यायची, आणि तो दवाखान्याच्या दारातच माझ्या पायावर मुतायचा. उन्हाळ्यात कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या टम्म फुगायच्या. एकेक चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्यात टाकायची. ओठ उचलून हिरड्या गुलाबी आहेत की फिक्या ते बघायचं. त्या तोंडाचा वास! एकदा हिरड्या पांढऱ्या दिसल्या म्हणून मी त्याला तडक डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा गोचीड-ताप वेळेत कळला. खरूज झाली तर शेजारीण म्हणे, "बाई, गाडीचं जळकं ऑईल चोपडा, खाज पळते." मी तिला झापलं. कुत्रं अंग चाटतं, ते ऑईल पोटात जाणार, एवढंही कळू नये? यांचं काम फक्त फोटो काढणं आणि पाहुण्यांपुढे त्याला शेकहँड करायला लावणं.

तो म्हातारा झाला. डोळ्यांवर पांढरा पडदा आला, झोपेत लघवी होऊ लागली. पावसाळ्यात कानांत जखमा झाल्या आणि त्यांत अळ्या पडल्या. सडक्या मांसाचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

एका सकाळी यांनी चहाचा कप बाजूला सारला. "घरभर वास येऊन राह्यला. आता याले मागं, भिंतीपाशी बांधू."

आमच्या कॉलनीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मागची भिंत पडकी आहे, पलीकडे झुडपी जंगल. बिबट्या तिथून येतो. नकोशी झालेली म्हातारी कुत्री लोक तिथेच बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी हळहळून सांगतात, "काय करता, नेलं बिबट्यानं." जंत, गोचिड्या, अळ्या, सगळं पाहून झालं होतं. पण इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती.

"बांधा ना," मी म्हणाले. "पण आधी त्याले मांडीवर घेऊन कान साफ करा. अळ्या पडलेलं कुत्रं मी बिबट्याच्याही तोंडी नाई देणार."

चिमटा, कापूस आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध मी पुढ्यात आदळलं. यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी हलले नाही.

अखेर बसले. म्हाताऱ्याने यांचा वास ओळखला, शेपटी एकदा आपटली आणि डोकं मांडीवर टाकलं. पहिली अळी निघाली तसे हे धावत बेसिनकडे गेले. मला ओकारीचा आवाज ऐकू आला, आणि खोटं का बोलू, बरं वाटलं.

तोंड धुऊन हे परत येऊन बसले. म्हाताऱ्याचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ काढत होते, ओकारी गिळत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कापूस दे. दुसरा कान राह्यला."

संध्याकाळी मागच्या दाराची कडी यांनीच लावली. कुत्रा आत होता. वास अजून येतो.