जुईलीचा घोटा

"तीन ओळी लिहाच्या आहेत फक्त. पोरीचा पाय मोडला नव्हता, मुरगळला होता, एवढं लिहा आन् सही करा," शालू म्हणाली. तव्यावरची पोळी करपायला लागली होती, तरी तिचं तोंड देवमनकडंच होतं.

"म्हणजे मी खोटा, असं लिहून देऊ."

"मंग काय? खरं आहे?"

"आवाज कमी कर. पोरी ऐकून राहिल्या."

"ऐकू द्या. त्याईच्याच घरातलं आहे."

देवमनने टेबलावरचा कोरा कागद हाताच्या पंज्याने दूर सारला. "तू विश्वासात वाढलेली बाई. तुहा बाप चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवत होता. तुले समजत नाई काय, ही साक्ष ऐकून लोकं रडतात, उभे राहतात?"

"आन् पोरगी? तिनं बसून राहावं काय?"

"तिच्यासाठी देवानं काही वेगळं ठेवलं असन."

"रविवारी अकोल्याले खो-खोच्या निवडीची चाचणी आहे. ते वेगळं काही रविवारच्या आत येते काय, तेवढं इचारून सांगा."

पोळी काळी झाली होती. शालूने ती उचलून आपल्याच ताटात टाकली.

भांडण तीन ओळींचं होतं, पण त्याला दीड वर्ष झालं होतं. शालू अमरावतीच्या कॅम्प भागात एका खासगी दवाखान्यात नर्स होती. बारा वर्षं तिने सलाइनी लावल्या, टाके काढले, डॉक्टर जेवायला गेलेले असताना नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या. देवमन मिशनची जीप चालवायचा. प्रचारकांना, पेटीला आणि पुस्तकांच्या खोक्यांना गावोगावी न्यायचा आणि सभा संपेपर्यंत जीपमध्ये पाय पसरून झोपायचा. बारा वर्षांची जुईली, पाच वर्षांची शलोमी आणि दोन खोल्या. रविवारी चर्च, बाकी दिवस धावपळ.

जुईली खो-खो खेळायची. खांबाजवळ येऊन ती अशी काही वाकायची की मागच्या मुलीचा हात हवेतच राहायचा. शाळेचे हरिहर सर म्हणायचे, "सिस्टर, ही पोरगी नाई, मासोळी आहे." एकदा सरावात तिचा घोटा मुरगळला. शालूने बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं, तीन आठवडे पोरीला पलंगावर बसवून ठेवलं. चौथ्या आठवड्यात पोरगी धावायला लागली. घरात प्रार्थनाही झाली होती. ती रोजच व्हायची, शलोमीच्या सर्दीसाठीसुद्धा.

त्यानंतर महिन्याभराने वलगावच्या सभेत प्रचारकांचा घसा बसला. दोन शब्द बोल, म्हणून त्यांनी ड्रायव्हरलाच उभं केलं. देवमनला दुसरं काही सुचेना, त्याने पोरीच्या पायाची साक्ष दिली, प्रार्थनेने तो कसा बरा झाला ते सांगितलं. आयुष्यभर ज्याला कुणी ब्रेक आणि डिझेलपलीकडं काही विचारलं नव्हतं, त्या माणसासमोर दीडशे लोक गप्प बसले. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. देवमन घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. त्या रात्री तो जेवलाही नाही नीट.

मग मिशनवाले त्याला प्रत्येक सभेत बोलायला उभं करायला लागले. वलगावला पाय मुरगळला होता. तिवस्याला तो मोडला. शेंदूरजनाघाटला पोचेपर्यंत नागपूरच्या दोन मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि पोरगी जन्मभर चालणार नव्हती.

ती वर्षं अशी होती की खेड्यांत कुणीही बोलायला उभं राहिलं तरी लोक येऊन बसायचे. कापूस घरात पडून होता आणि दर महिन्याला कुठल्यातरी गावात कुणीतरी फवारणीचं औषध प्यायलेलं असायचं. पुढारी येऊन जायचे, पेपरवाले येऊन जायचे. देवमन मात्र पुन्हा यायचा, आणि सोबत बरी झालेली पोरगी आणायचा. जुईलीला फ्रॉक घालून पुढं उभं करायचे. बाया रांगेने येऊन तिच्या घोट्याला हात लावायच्या. तिवस्याजवळच्या एका वाडीची पार्वताबाई तर प्रत्येक सभेला यायची, पाठीवर नऊ वर्षांचा मुलगा घेऊन. त्याचे पाय काडीसारखे होते. जुईलीचा घोटा चोळून तोच हात ती पोराच्या पायावर फिरवायची. जुईली मग भर उन्हाळ्यात मोजे घालायला लागली.

घरात शलोमी लंगडत फिरायची आणि मध्येच ताठ होऊन ओरडायची, "बरी झाली! हालेलूया!" शालूने तिला एकदा जोरात चापट मारली. पोरीला कळलंच नाही, का मारलं ते.

चापट खरी कुणाला मारायची होती, हे शालूला माहीत होतं. तिवस्याच्या सभेत ती स्वतः सतरंजीवर पुढं बसली होती. देवमनने मंचावरून विचारलं, "माही बायको नर्स आहे, तिलेच इचारा. हो का नाई, सिस्टर?" दोनशे माणसं वळून पाहायला लागली. पट्टी बांधणारे हात मांडीवर घेऊन बसलेल्या शालूने मान हलवली. हो म्हणून. नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, एवढाच विचार त्या वेळी आला. त्या मानेवरच पुढचं सगळं उभं राहिलं.

मिशनच्या पत्रकात जुईलीचा फोटो छापून आला. 'अपंगत्वातून मैदानावर'. देवमनने तो कापून दाराच्या आत चिकटवला. विभागीय संघाच्या निवडीची वेळ आली तेव्हा तेच पत्रक दुसऱ्या एका मुलीच्या बापाने पंचांपुढं ठेवलं. मुलगी अपंग होती, डॉक्टरांनी खेळायला मनाई केली होती, उद्या मैदानात काही झालं तर जबाबदार कोण? पंच म्हणाले, डॉक्टरांचा दाखला आणा. आणि ज्यांच्या नावाने हे छापलंय, त्यांचं सहीचं पत्र आणा. दाखला शालूने त्याच दिवशी आणला. राहिल्या तीन ओळी.

"पंचाले देवाचं काय समजते?" देवमन आता हळू आवाजात म्हणत होता. "पत्र दिलं की ते दहा ठिकाणी फिरन. मिशनमध्ये जाईन. मी पुन्हा नुसता जीपवर."

"जीपवर काय वाईट होतं?"

"त्या पार्वताबाईले मी काय सांगू? तूच सांग. ते बाई सात कोस चालत येते."

हे त्याने खरं मनापासून विचारलं होतं, आणि म्हणूनच शालूला जास्त चीड आली. "तिले सांगा, तुया पोराले पोलिओ आहे. माह्या पोरीले नव्हता."

शनिवारी सकाळी देवमन जीप घेऊन शेंदूरजनाघाटला गेला. कागद टेबलावर कोराच होता. वर पेन ठेवलेलं, उडू नये म्हणून.

रविवारी शालू तरीही शलोमीला शेजारी ठेवून जुईलीला घेऊन एसटीने अकोल्याला गेली. मैदानावर हरिहर सरांनी पंचांशी अर्धा तास वाद घातला. शालूने दाखला दाखवला, पट्टी मीच बांधली म्हणून सांगितलं. पंच वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, इथं छापलंय की तुम्ही स्वतः नर्स आहात आणि तुम्हीही साक्षीदार आहात. आता मी तुमचं कोणतं ऐकू?"

जुईली चुन्याच्या रेघेबाहेर गणवेशात बसून राहिली. तिच्या जागी दुसरी मुलगी खेळली आणि दुसऱ्याच मिनिटाला बाद झाली. जुईलीने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"मम्मी," ती म्हणाली, "माहा पाय खरंच मोडला होता काय?"

"नाई."

"तूच तं हो म्हटलं होतं तिवस्याले."

मैदानातून शालू पोरीला घेऊन थेट थोरल्या बहिणीकडं, माणिकबाईकडं गेली. माणिकबाई अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची. तिथं चहा पीत दोघी बहिणी तासभर बोलत बसल्या.

सोमवारी दुपारी देवमन परत आला. उन्हाने रापलेला, खूष. "काय सभा झाली शालू! मांडव पुरला नाई. सगळे जुईली कुठं, जुईली कुठं, इचारून राहिले. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की आणतो." मग त्याचं लक्ष जुईलीकडं गेलं. "झाली काय चाचणी?"

"घेतली नाई तिले," शालू म्हणाली. तिने त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. शलोमी पायाशी खेळत होती, जुईली कोपऱ्यात कपडे घडी करत होती. शालूने आवाज चढवला नाही.

"शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज देऊन आली मी. दिवाळीपासून जुईली अकोल्याले राहीन, माणिकताईच्या घरी. तिथंच शिकन, तिथंच खेळन. सभेले ती येणार नाई, वलगावलेही नाई. शनिवारी मी तिचं सामान नेऊन टाकीन."